पुढच्याच दारातून: खाडीकाठच्या वाचनालयाच्या कामाची वही

१७ नोव्हेंबर २०२४

आजपासून तारखा टाकून लिहायचं ठरवलंय कारण मागे कौलं बदलली तेव्हा कुणी काय कबूल केलं होतं ते सहा महिन्यांनी कुणालाच आठवेना आणि नुसती भांडणं झाली. काम असं की आमच्या वाचनालयाच्या जुन्या इमारतीत व्हीलचेअरवरच्या, न दिसणाऱ्या, काठी टेकणाऱ्या, गुडघे गेलेल्या सगळ्या माणसांना आपापलं येता आलं पाहिजे. इमारत मूळची वखार, मालवण तालुक्यातल्या खाडीच्या धक्क्याला लागून, मचवे लागायचे तेव्हा इथे मीठ, सुपारी, मंगळूरची कौलं असलं सगळं उतरायचं असं जुनी माणसं सांगतात. जाड चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मग उंबरा, मग मोठी खोली म्हणजे आत्ताचा वाचनकक्ष, वर माळा.

टेप लावून मोजलं. अंगणापासून जोतं ५४ सेंमी, तीन पायऱ्या १८-१८ च्या. उंबरा ११ सेंमी. दरवाजा दोन फळ्यांचा, एक फळी उघडली की ४६ सेंमी मिळतात, दोन्ही उघडल्या की ९२. जोत्यापासून पुढच्या गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) अंगण ५ मीटर. मागच्या संडासाचं दार ६० सेंमी.

तीन पायऱ्या म्हणजे काय मोठंसं, असंच मला लग्न होऊन या गावात आल्यापासून वाटत आलंय, दिवसातून चारदा चढते मी त्या. आमचा एक वाचक, दादा, कलमावर आंबे काढायला चढला होता तेव्हा फांदी मोडून पडला आणि कण्याला मार बसला, त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं तो गेटजवळ व्हीलचेअर लावून थांबतो आणि पुस्तकाचं नाव सांगतो, आतून कुणीतरी आणून देतं. म्हणजे सहा वर्षांत त्याने एकही पुस्तक स्वतः कपाटातून काढून, चार पानं चाळून, नको म्हणून परत ठेवून निवडलेलं नाही. हे मला आज टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिल्यावर त्याने बोलता बोलता सांगितलं तेव्हा कळलं.

१९ नोव्हेंबर

कमिटीची मीटिंग. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला, हेरिटेजला हात लावायचा का. आपली इमारत ना केंद्राच्या यादीत ना राज्याच्या, त्यामुळे पुरातत्त्वची परवानगी लागत नाही, पण म्हणून कशीही फोडायची असंही नाही हे सगळ्यांना पटलं. दुसरा प्रश्न, हे करणं गरजेचंच आहे का. मी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा प्रिंट काढून नेला होता. त्यात आहे ते सांगितलं की १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं ते आता २१ झालंय, आणि कलम ४५ म्हणतं की असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करा. नियम जून २०१७ ला आले, म्हणजे जून २०२२ ला मुदत संपली सुद्धा. आणि याच महिन्यात ८ तारखेला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरींच्या केसमध्ये सांगितलं की त्या नियमांतला १५ नंबरचा नियम मानकांना नुसत्या शिफारशीसारखं वागवतो, ते कायद्याला धरून नाही, काही गोष्टी सक्तीच्याच पाहिजेत, आणि सरकारला तीन महिने दिले.

यावर एक सिनियर मेंबर म्हणाले मुंबई-दिल्लीच्या मोठ्या ऑफिसांसाठी असतं हे. मी म्हटलं काका, पायरी सगळीकडे १८ सेंमीचीच असते. ठराव झाला. वर्गणी काढायची.

२६ नोव्हेंबर

एका कॉन्ट्रॅक्टरने प्लॅन पाठवला. मागच्या बाजूने, संडासाशेजारून सिमेंटचा रॅम्प, स्टीलचं चकचकीत रेलिंग, वर ग्रॅनाइट. पैशाने स्वस्त, आठवड्यात काम होतं, जुन्या दर्शनी भागाला धक्का नाही. अर्ध्या कमिटीला आवडला, मलाही पाच मिनिटं बरा वाटला.

दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग पाठवलं तर त्याचा लगेच फोन. "वयनी, मागीलदारान मी येवचंय नाय." बस्स एवढंच. शाळेतल्या आमच्या बाई (रिटायर्ड, काचबिंदूने पन्नाशीच्या आत दृष्टी गेली) शेजारी बसल्या होत्या, त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते. म्हणाल्या, आपल्याकडे मागीलदारी कुणाला यायला लावायचे ते तुला माहितीये ना, रत्नागिरीत १९३१ ला पतितपावन मंदिर सगळ्या जातींसाठी उघडलं तेव्हा मागे वेगळं दार नव्हतं काढलं, पुढचंच उघडलं होतं. यानंतर मला त्या प्लॅनमध्ये काही राम वाटेना. कॉन्ट्रॅक्टरला नम्रपणे नको कळवलं.

ठरलं ते हे: सगळे पुढच्याच दारातून. बाकी सगळं यावरून ठरवायचं.

३ डिसेंबर

आज जागतिक दिव्यांग दिन, म्हणून आम्ही सगळे सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. दादा, बाई, कणकवलीची आर्किटेक्ट ताई (फी न घेता मदत करतेय), मेस्त्री आणि मी. शिकायला जायचं असं मनात होतं, शिकलोही, पण वेगळंच.

मालवणच्या धक्क्यावरून होडीत चढताना होडी वरखाली होत असते, फळी नाही, दोन पायांच्या माणसालाही हात धरावा लागतो. चार खलाशांनी दादाला चेअरसकट उचललं. माणसं चांगली, जपून उचललं, पण एकाचा हात त्याच्या काखेत, एकाचा मांडीखाली, आणि बघणारे मोबाईल काढून उभे. उतरताना परत तेच. कुरटे बेटावरचा हा किल्ला १६६४ ला बांधायला घेतला, तटाच्या पायात शिसं ओतलंय, ४८ एकर जागा आहे, हे सगळं मी त्याला वाटेत सांगत होते आणि तो नुसतं हूं हूं करत होता. महादरवाजा तटाच्या वळणात लपवलेला, शत्रूला कळू नये म्हणून, त्यामुळे समोरून सरळ आत शिरताच येत नाही. किल्ला बांधलाच मुळी माणसाला अडवायला, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. वाचनालय माणसाला आत घ्यायला असतं, मग आपल्या तीन पायऱ्यांचं समर्थन कशाने करायचं.

बाईंचा दिवस मात्र चांगला गेला. तटाच्या चिऱ्यावरून, कातळावरून हात फिरवत चालल्या, दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तिन्ही विहिरींच्या काठावर वाकून आवाज दिला आणि कुठली खोल ते घुमण्यावरून सांगितलं. शिवराजेश्वराच्या मंदिरात बऱ्याच वेळ बसल्या. दगड हाताला कळतो ग, म्हणाल्या, काचेच्या पेटीतलं काही कळत नाही.

परत येताना होडीत दादा एकच वाक्य बोलला, "माका परत कोणी उचलू नकात." रॅम्प किती लांब हवा, रेलिंग कुठे हवं, हे सगळे प्रश्न नंतर आले तेव्हा उत्तर याच वाक्याला लावून बघितलं.

११ डिसेंबर

मोठी गोष्ट घडली. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला सिमेंटचा एक जाड ओटा आहे, सगळे त्यावर चपला ठेवतात. मेस्त्रींनी छन्नीने ठोकून बघितलं तर आतून बद्द आवाज. कोपरा फोडला आणि खाली चिरे, पण पायऱ्यांचे नाहीत, तिरपे लावलेले! दुपारपर्यंत दोन फूट उघडं केलं. जुना उतार आहे, अंगणातून थेट पडवीपर्यंत, हातभर रुंदीच्या चिऱ्यांच्या ओळी, मधल्या ओळी झिजून खोलगट झाल्यात. माल ओढून, पिंपं गडगडवून आत न्यायला केलेला असणार. म्हणजे या इमारतीला उतार होताच, आपल्याच कुणा पूर्वजाने वर सिमेंट ओतून पायऱ्या तेवढ्या ठेवल्या.

मला इतका आनंद झाला की दादाला व्हिडिओ कॉल लावला. मग ताईने लेव्हल लावून मोजलं: ५४ सेंमी चढ, ३ मीटर २४ सेंमी लांबी. म्हणजे १:६. मानक सांगतं १:१२, म्हणजे एक सेंमी चढायला बारा सेंमी लांबी. दुप्पट तीव्र आहे. दोन हमाल मिळून पिंप ढकलतील त्यावरून, एकटा माणूस स्वतःच्या हाताने चेअर नाही नेऊ शकत, आणि पावसात उतरताना तर सरळ गडग्यावर.

मेस्त्री म्हणाले, "वयनी, ह्या सिमेंट आधी काढूक व्हया, नायतर चिऱ्याक श्वास घेवक गावाचो नाय." बरोबर आहे ते. जांभा म्हणजे सच्छिद्र दगड, खाणीतून काढताना मऊ, हवेवर कडक होतो, पाणी पितो आणि सोडतो. वरून सिमेंट मारलं की पाणी आत शिरतं ते बाहेर पडायला वाट राहत नाही, खाडीच्या हवेतला खार आत साचून त्याचे खडे बनतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. जिथे जिथे सिमेंटचं प्लास्टर आहे तिथे भिंत चिमटीने कोरता येते. काढून टाकायचं, चुन्यात करायचं.

४ जानेवारी २०२५

आज लुई ब्रेलचा जन्मदिवस, बाईंना म्हटलं आज तुम्ही काठी घेऊन पूर्ण इमारत फिरा, आम्ही मागून येतो, बोलायचं नाही. त्या काय सांगतात तेवढंच लिहायचं.

मी मनात पिवळ्या टाइलांची लाइन धरून होते, गेटपासून टेबलापर्यंत, स्टेशनवर असते तशी. बाई म्हणाल्या मला पडवीत त्याची गरज नाही, पडवीची शहाबादी गार लागते, आत कोबा आहे तो गुळगुळीत लागतो, दारातून वारा येतो, मला कळतं मी कुठे आहे. मग म्हणाल्या जोत्याची कड मला कळत नाही. पडवीला कठडा नाही, चालता चालता एकदम संपते. तिथे कडेच्या एक फूट आधीच पायाला काहीतरी लागलं पाहिजे, कडेवर नको, कडेवर लागून काय उपयोग तोवर पाय पुढे गेलेला असतो.

आणि मग जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. पडवीतल्या खिडक्यांच्या झडपा बाहेर उघडतात. काठी खाली जमिनीवर फिरते, झडप कपाळाच्या उंचीवर. बाई भिंतीला धरून चालत गेल्या आणि मी ओरडेपर्यंत झडपेची कड कपाळाला लागली. रक्त नाही आलं पण टेंगूळ आलं. त्यांनी कपाळ चोळत सांगितलं, लिही, झडपा. चार खिडक्या, आठ झडपा, प्रत्येकीला भिंतीशी सपाट लावून ठेवायला आकडा पाहिजे. आज संध्याकाळीच सुताराने बसवले, पितळेचे, बाजारात मिळाले. पहिलं पूर्ण झालेलं काम हेच.

पाट्यांचं: बाईंची दृष्टी उशिरा गेली त्यामुळे त्यांना ब्रेल नीट येत नाही, उशिरा दृष्टी गेलेल्या बऱ्याच जणांचं असं असतं. म्हणून पाटीवर ब्रेल पाहिजेच पण शेजारी उठावाची देवनागरी अक्षरं पण पाहिजेत, बोटाने गिरवता येतील एवढी. शिवाय थोडं दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पाटी यांच्या रंगात ठळक फरक. सहा टिंबांची भारती ब्रेल मराठीला चालते, ते छापून देणारे आहेत.

१२ जानेवारी

प्लायवूडची ट्रायल. ताईची आयडिया, आणि मी म्हणेन की आख्ख्या प्रोजेक्टमधली सगळ्यात चांगली आयडिया. चिरे रचून वर प्लाय टाकून आधी १:८ चा उतार केला, कारण जागा वाचते आणि कमिटीत दोघांचं म्हणणं होतं की चालेल की. दादा चढला. चढला म्हणजे चढलाच, तो हरणारा माणूस नाही, पण वर पोचल्यावर त्याचे दंड थरथरत होते आणि उतरताना चाकाची रिंग तळव्यात धरून ठेवायला लागली त्याने हात लाल. त्याने तळवे उघडून त्या दोघांना दाखवले. नंतर कुणी १:८ चं नाव काढलं नाही.

१:१२ वर बोलत बोलत चढला. ५४ सेंमीला ६ मीटर ४८ सेंमी उतार लागतो, सरळ बसत नाही, अंगण ५ मीटरच. म्हणून वळणाचा: गेटकडून भिंतीला समांतर ३ मीटर ६० सेंमी, त्यात ३० सेंमी चढ, मग दीड मीटर चौरस सपाट जागा वळायला आणि दम खायला, मग पडवीकडे २ मीटर ८८ सेंमी, उरलेला २४ चढ. हा दुसरा भाग बरोबर जुन्या उताराच्या डोक्यावर येतो, आणि जुना जास्त तिरपा असल्यामुळे नवा कायम त्याच्या वरच राहतो, जुन्याचा एक चिरा फोडायला लागत नाही. ताईने हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा मेस्त्रींनी तो कागद मागून घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला.

अजून एक. प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये दोन सेंमीची फट राहिली होती, दादाच्या चेअरचं पुढचं छोटं चाक त्यात अडकलं आणि तो पुढे झुकला, वाचला. तेव्हा दगडाचे सांधे बारीक पाहिजेत, एक सेंमीच्या आत.

९ फेब्रुवारी

कागदपत्रं. एका ऑफिसात तीन खेपा झाल्या, प्रत्येक वेळी वेगळा कागद मागितला. शेवटी झालं. यावर जास्त लिहीत नाही.

२३ फेब्रुवारी

उंबऱ्याची मीटिंग, तीन तास.

११ सेंमी उंबरा म्हणजे चेअरला भिंतच. दोन्ही बाजूंनी लाकडी उतार लावावा तर १:१२ ने १ मीटर ३२ सेंमी लागतो, पडवीच मुळात १ मीटर ८० रुंद, वळायला जागा उरत नाही. कापायचा म्हटल्यावर बायकामाणसांनीच जास्त विरोध केला, आणि मला तो समजतो. दसऱ्याला त्याला तोरण, दिवाळीला रांगोळी, माझ्या सासूबाई अजून उंबऱ्यावर पाय देऊ देत नाहीत कुणाला. शिवाय त्याचं खरं काम आहे, आषाढात खाडीकडून झड येते तेव्हा पडवीतलं पाणी उंबऱ्यालाच थटतं.

तोडगा मेस्त्रींनी काढला. जुना उतार सापडल्यापासून त्यांच्या डोक्यात होतं की पिंपं गडगडत आत न्यायची तर उंबरा आड कसा चालला असेल. त्यांनी सुताराला घेऊन चौकट तपासली. फणसाचा उंबरा, चौकटीत कुसू घालून पक्का केलेला नाही, दोन्ही बाजूंच्या खाचेत नुसता उभा बसवलाय आणि दोन खुंट्या मारल्यात. खुंट्या कित्येक वर्षांच्या रंगाच्या थरांखाली गेल्या होत्या. म्हणजे तो उचलून बाजूला ठेवायचाच उंबरा होता.

तरी एक आजी शेवटपर्यंत नाही म्हणाल्या. मग बाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या, काय बोलल्या माहीत नाही. ठरलं असं: सकाळी वाचनालय उघडताना उंबरा वर काढून आतल्या भिंतीशी उभा करायचा, रात्री बंद करताना परत बसवायचा, सणाला पूजा त्याचीच. खाली जमिनीत एक सेंमीचा फरक राहतो तो तासून तिरपा करायचा. आणि वाचनालयाच्या वेळात दोन्ही फळ्या उघड्या, म्हणजे ९२ सेंमी मिळतात, ९० लागतात. दोन सेंमीने वाचलो.

२० मार्च

शिमगा झाला, माणसं कामाला मिळायला लागली. सिमेंटचा ओटा पूर्ण काढला, हाताने, मशीन नाही लावलं. चुना भिजत घातलाय. पूर्वी आपल्या किनाऱ्यावर शिंपल्या-कालवांच्या भट्ट्या लावून चुना करायचे, आता कळीचा चुना बाहेरून आणला. खड्ड्यात पाण्याखाली मुरायला ठेवला, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मी म्हटलं लवकर वापरूया, तर मेस्त्री म्हणाले, "चुन्याक घाई करून चलाचा नाय."

१७ एप्रिल

रॅम्पचं मुख्य काम. जुन्या उतारावर आधी जाड जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, त्यावर वाळू, त्यावर चुन्याचं काँक्रीट (चुना, विटांची सुरखी, वाळू, खडी), त्यावर काळ्या दगडाच्या फरश्या. उद्या कुणाला हा रॅम्प नको झाला तर कापडापर्यंत उचलता येईल आणि खालचे चिरे जसेच्या तसे सापडतील. जोत्याला कुठेही जोडलेला नाही, मध्ये फट ठेवलीये, पाणी वाहून जायला.

वरचा दगड जांभा का नाही, असं दहा जणांनी विचारलं, रंग जुळला असता. जांभ्यावर जून संपायच्या आत शेवाळ धरतं आणि मग घसरायला होतं. काळा दगड टाकी मारून खडबडीत केलाय. रंगाने वेगळा दिसतो ते बरंच, नवीन काय जुनं काय ते उघड कळतं. जुन्या उताराची एका बाजूची हातभर पट्टी झाकली नाहीये, बघणाऱ्याला दिसावी म्हणून, बाईंनी पहिल्याच दिवशी खाली बसून तिचे झिजलेले खळगे हाताने मोजले, नऊ आहेत.

पडवीच्या कडेच्या फूटभर आधी गाठी उठवलेल्या दगडाची पट्टी बसली. रेलिंग दोन उंचीचं, वरचं उभ्या माणसाला, खालचं बसलेल्याला आणि पोरांना. लोखंड खाऱ्या हवेत टिकत नाही, लाकडाचं केलं.

२१ मे

वाईट दिवस. चार दिवसांपूर्वी वळणाच्या बाजूच्या भिंतीला चुन्याचा शेवटचा गिलावा केला. हिशेब असा होता की पाऊस सात जूनच्या आसपास, अजून पंधरा दिवस हातात आहेत. काल संध्याकाळपासून धो धो. पहाटे साडेपाचला मेस्त्रींचा फोन, "वयनी, पाऊस इलो!" ताडपत्री घेऊन धावलो तोवर गिलावा ओघळून रॅम्पवरून दुधासारखा वाहत होता. चुना हवेतला कार्बन वायू घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला ओल लागते पण धुऊन जाणारं पाणी चालत नाही. ताडपत्री आधीच बांधून ठेवायला पाहिजे होती, माझी चूक, मी मेस्त्रींना म्हटलं होतं की एवढ्यात कुठला पाऊस.

मेस्त्री ओघळलेल्या भिंतीवर हात ठेवून बऱ्याच वेळ उभे होते. बोलले नाहीत काही.

२७ मे

मान्सूनच आला, रविवारी २५ लाच तळकोकणात, इतक्या लवकर कधी बघितला नव्हता. गिलावा आता पावसाळ्यानंतर. रॅम्पच्या फरश्या मात्र जागच्या हलल्या नाहीत, सुरखीमुळे खालचं काँक्रीट वेळेत धरलं. त्यातल्या त्यात समाधान.

१५ जून

भर पावसात दादाला बोलावलं, कोरड्यात चढणं आणि पावसात चढणं वेगळं. खडबडीत दगडावर चाक घसरत नाही, पण चाकाची रिंग ओली झाली की हात घसरतो. छत्री धरायला तिसरा हात नाही. म्हणजे वर छप्पर पाहिजे, हे आमच्या कुणाच्या यादीत नव्हतं, आणि कोकणात चार महिने पाऊस असताना यादीत नसणं ही चूकच. लाकडी खांबांवर मंगलोरी कौलांची लहानशी पडवी काढायची, जुन्या भिंतीला न टेकवता, स्वतःच्या खांबांवर. दादाच्या भावाने वासे दिले.

१२ जुलै

काल युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात आपले सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी, रायगड. गावात फटाके वाजले, मलाही खूप अभिमान वाटला, अजून वाटतोय. रात्री दादाचा मेसेज आला, आता तरी धक्क्यावर फळी लावतील काय. मी उत्तर लिहिलं आणि पुसलं, दोनदा. रायगडाला रोपवे आहे म्हणून निदान माथा तरी गाठता येतो. जलदुर्गांसाठी धक्क्याला भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा तराफा आणि होडीत जायला रुंद फळी एवढं जरी झालं तरी माणसं उचलावी लागणार नाहीत, आणि त्याने किल्ल्याच्या एका दगडालाही हात लागत नाही. ताईला म्हटलंय आपण याचं एक स्केच काढून अर्ज करू, मालवणच्या होडीवाल्यांना विचारून, लाटा त्यांना जास्त कळतात.

२७ जुलै

छप्पर झालं. दादा आला, एकटा, पाऊस होता. मी टेबलावर नवीन पुस्तकांना शिक्के मारत होते, बघितलंच नाही. कपाटांच्या दोन ओळींमधून खाकरल्याचा आवाज आला तेव्हा कळलं तो आत आहे. तीन पुस्तकं काढून मांडीवर घेतलेली. एक तास होता. एक नेलं, दोन परत ठेवली, चुकीच्या जागी, मी नंतर नीट लावली.

वरची दोन फडताळं त्याच्या हाताला येत नाहीत. कादंबऱ्या आणि चरित्रं खाली आणायची, जाडे जुने अंक वर.

१० ऑगस्ट

संडासाचं झालं. दार ९० सेंमी, बाहेर उघडणारं, आत दीड मीटरचं वळण, आडवा दांडा दोन्ही बाजूंना. भाग नवीन बांधलेलाच होता त्यामुळे फार विचार नव्हता.

माळ्याचं होत नाही. जुनी दप्तरं, हस्तलिखितं सगळी वर, जिना उभा, लिफ्ट बसवायची तर तुळई कापावी लागते आणि ती कापायला मी तयार नाही. दादाशी आणि बाईंशी बोलले. सध्या वरच्या सगळ्याची यादी करून खाली ठेवायची, जे मागतील ते खाली आणून द्यायचं. म्हणजे माळ्यापुरता दादा परत गेटपाशीच उभा आहे, हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षी खालची मागची खोली कोरडी झाली तर दप्तरंच खाली आणता येतील, त्या खोलीच्या भिंतीवरचं सिमेंट आधी काढायला पाहिजे.

२४ ऑगस्ट

बुधवारी चतुर्थी, मेस्त्री आणि सुतार आजपासून सुट्टीवर. राहिलेली कामं: भिंतीचा गिलावा (ऑक्टोबर, ताडपत्री आधी बांधायची). ब्रेलची पाटी आली पण दाराच्या डाव्या बाजूला लावली, उघड्या फळीच्या मागे जाते, उजवीकडे घ्यायची. संडासाचा नळ गोल फिरवावा लागतो, पकड नसलेल्या हाताला जमत नाही, त्याजागी दांड्याचा लावायचा. रॅम्पच्या वळणावर दिवा. उंबरा सकाळी कोण काढणार त्याचा कागद दाराच्या आत चिकटवायचा, गेल्या मंगळवारी कुणीच काढला नव्हता आणि दादा पडवीत वीस मिनिटं थांबला होता.